घडीत दुमडलेली सही

आमच्या देवघरात लक्ष्मीची एक फ्रेम आहे, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनची. आजी असताना रोज तिला हळदकुंकू लावायची त्यामुळे काचेवर एका ठिकाणी कायमचा डाग पडलाय. गेल्या चतुर्थीच्या आधी घर साफ करताना मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागलेली दिसली, म्हणून बाबांनी फ्रेम उतरवली आणि मी ती डिचोलीच्या बाजारात फ्रेमवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी एकेक बारीक खिळा काढला, पुठ्ठा सोडवला आणि चित्राचा खालचा भाग मागे दुमडलेला होता तो हलक्या हाताने उलगडला. दोन-अडीच इंचाची पट्टी. पट्टीवर म्हापशातल्या एका कापडाच्या दुकानाचं नाव, दुकान आता नाही, बंद होऊन जमाना झाला. आणि त्या पट्टीच्या जरा वर, चित्रातच, कमळाच्या पानाखाली, देवनागरीत सही. मुळगांवकर.

मी तिथेच उभी राहिले. काका म्हणाले, कॅलेंडर आहे हे, खालच्या तारखा कापल्या आणि दुकानाचं नाव दिसू नये म्हणून दुमडलं, त्या काळी सगळेच असं करायचे. म्हणजे ज्या चित्राला आम्ही इतकी वर्षं हात जोडले ते एका दुकानाने गिऱ्हाइकांना फुकट वाटलेलं कॅलेंडर होतं, आणि ते काढणारा माणूस आमच्यापासून जेमतेम काही किलोमीटरवरच्या गावातला होता, आणि त्याचं नाव आम्हीच घडी घालून आत ठेवलेलं.

डिचोलीहून म्हापशाला जायचं तर आधी मुळगाव लागतं आणि मग अस्नोडा. हा रस्ता मी महिन्यातून चार वेळा तरी करते, शुक्रवारच्या बाजारासाठी. रघुवीर मुळगांवकर १९१८ साली ह्या अस्नोड्यात जन्मले, नंतर मुंबईला गेले आणि तिथे त्यांनी मासिकांची मुखपृष्ठं, देवादिकांची चित्रं, कॅलेंडरं असं डोंगराएवढं काम केलं. १९७६ ला गेले. आणि त्यांच्याच पिढीतले दीनानाथ दलाल, तेही गोव्याचेच, मडगावचे, १९१६ चा जन्म. दलालांनी १९४५ ला 'दीपावली' अंक सुरू केला. आमच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेत त्यात दलालांची सही मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलीय, फक्त तेव्हा वाटायचं दलाल म्हणजे कोणीतरी मुंबईतले मोठे गृहस्थ. हे दोघे आपल्या मातीतले आहेत हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला आम्ही आंब्याचं पान आणि घडा काढायचो.

आता ह्यावर मी एवढं का लिहितेय ते सांगते. आमच्या घरचा छोटासा धंदा आहे, आई आणि काकी दोघी मिळून कोकमाचं सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं, काजू, फणसाचे पापड असं करतात आणि मी विकते. (कंपनीचं नाव इथे टाकत नाही, हे जाहिरातीसाठी लिहीत नाहीये.) दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा छापील लेबल करायचं ठरवलं. तोपर्यंत पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढून चिकटवायचो. एका प्रेसमध्ये गेलो, तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर पंधरा मिनिटांत लेबल करून दाखवलं, सुंदर वॉटरकलरमधलं फळ, जांभळट लाल, एक अर्धं कापलेलं, आतला गर पांढराशुभ्र. आम्ही खूश. हजार लेबलं छापली.

तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एक वयस्क बाई आल्या, बाटली उचलली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, बाय, हें भिरंड न्हय. भिरंड म्हणजे कोकमाचं फळ, आणि ते खरंच नव्हतं. ते मँगोस्टीन होतं. दोन्ही एकाच कुळातली फळं, गार्सिनिया, कोकम हे गार्सिनिया इंडिका आणि मँगोस्टीन गार्सिनिया मँगोस्टाना, पण ज्याने जन्मात कधी रातांबे फोडलेत त्याला एका नजरेत कळतं, मँगोस्टीनची साल जाड असते, डोक्यावर मोठी हिरवी टोपी असते, आतला गर लसणीच्या पाकळ्यांसारखा. आमचं भिरंड लहान, पातळ सालीचं, आतला गर पांढरा पण बियांना चिकटून असलेला आणि कापल्याबरोबर हात लाल होतात. आईने आयुष्यभर भिरंडं फोडलीत, तिच्या लक्षात कसं नाही आलं असं मी विचारलं तर ती म्हणाली, मला वाटलं चित्रात असंच काढतात.

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलंय. चित्रात असंच काढतात. म्हणजे चित्र काढणारा कोणीतरी लांबचा, त्याला आपलं फळ माहीत असायची गरज नाही आणि आपण त्याला विचारायचंही नाही.

मग मी ते चित्र इंटरनेटवर उलट शोधून पाहिलं आणि ते कुठून आलं तेही कळलं, परदेशातल्या एका चित्रकर्तीच्या पानावरून उचललेलं होतं. तिचं नाव चित्राच्या खाली होतं, प्रेसमध्ये ते कापून टाकलेलं. मी तिला मेल लिहिलं, माफी मागितली, उरलेली लेबलं वापरणार नाही असं कळवलं. तिचं दोन ओळींचं साधं उत्तर आलं, आभार मानणारं. मला त्या रात्री झोप आली नाही. कारण आमचं आगळ जर कोणी दुसऱ्याने आपलं लेबल लावून विकलं असतं तर आई किती रडली असती ते मला माहितेय.

तेव्हापासून एक सवय लागली. दुकानात काहीही हातात घेतलं की मागची बाजू बघायची आणि चित्र कोणी काढलं ते शोधायचं. बिस्किटाचा पुडा, चहाची पिशवी, अगरबत्ती, मसाल्याचा डबा. तुम्हीही एकदा करून बघा. बॅच नंबर असतो, एफएसएसएआयचा लायसन्स नंबर असतो, निव्वळ वजन, किंमत, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका, कधीकधी छापणाऱ्या प्रेसचंही नाव असतं. चित्रकाराचं नाव जवळजवळ कधीच नसतं. आणि गंमत बघा, मुळगांवकरांच्या आणि दलालांच्या काळात ते असायचं! कॅलेंडरवर दुकानदाराचं नाव खाली आणि चित्रकाराची सही वर, दोघंही आपापल्या जागी मानाने बसलेले.

ह्या छापील चित्रांच्या धंद्याचा इतिहास वाचायला लागले तर थांबवेना. राजा रविवर्म्याने १८९४ ला मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला, पुढे तो मळवलीला नेला, आणि तिथून सरस्वती-लक्ष्मी घराघरात गेल्या. जी चित्रं राजेरजवाड्यांच्या भिंतीवर होती ती काड्यापेटीवर आली. लोक त्याला नावं ठेवतात, म्हणतात कला बाजारात उतरवली. मला उलट वाटतं की आमच्या आजीला जर चित्र म्हणजे काय हे कोणी शिकवलं असेल तर ते कॅलेंडरनेच, दुसरं कोण येणार होतं डिचोलीला?

अमूलची पोरगी घ्या. १९६६ पासून आहे, सिल्वेस्टर दाकुन्हांच्या एजन्सीत युस्टेस फर्नांडिस ह्या आर्ट डायरेक्टरने ती काढली. आपल्यातल्या प्रत्येकाला ती पोल्का डॉटची फ्रॉकवाली मुलगी डोळे मिटून आठवते, पण फर्नांडिस हे नाव किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. एशियन पेंट्सच्या गट्टूचं नशीब जरा बरं, तो आर. के. लक्ष्मण ह्यांनी १९५४ ला काढला आणि लक्ष्मण इतर कारणांनी घराघरात पोचलेले होते म्हणून गट्टूबरोबर त्यांचंही नाव निघतं. आणि हे तर मला माहीतच नव्हतं, गाड्यावर मिळतो तो चुपा चुप्सचा लॉलीपॉप, त्याच्यावरचं ते डेझीच्या फुलातलं नाव साल्वादोर दालीने १९६९ ला करून दिलंय. वितळणारी घड्याळं काढणारा दाली! माझ्या भाचीच्या हातात दालीचं चित्र असतं आणि ती कागद फाडून टाकते.

दालीचीच अजून एक गोष्ट आपल्या एअर इंडियाची आहे. १९६७ ला त्याने एअर इंडियासाठी पोर्सिलेनचा एक ॲशट्रे डिझाईन केला, त्याच्यातलं हत्तीचं डोकं उलटं धरून पाहिलं की हंस दिसतो. मोजके पाचएकशे नग काढले, खास प्रवाशांना द्यायला. आणि मोबदला म्हणून दालीने पैशाऐवजी हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि एअर इंडियाने ते खरंच विमानाने पाठवलं. त्याच एअर इंडियाने आपल्या देशातल्या चित्रकारांची चित्रं तेव्हा विकत घेतली, ऑफिसांत लावली, त्यात गायतोंडे होते, मूळ गोव्याच्याच घराण्यातले. तेव्हा त्यांना फार कोणी विचारत नव्हतं. एक विमान कंपनी एवढं करू शकते हे वाचून मला कोकमाच्या बाटलीबद्दलही वेगळं वाटायला लागलं.

असो. प्रश्न होता की आमच्या बाटलीसाठी चित्रकार शोधायचा कुठे.

आपण गोव्यात राहतो म्हणजे कलेच्या राजधानीत राहतो असं बाहेरचे लोक म्हणतात, पण डिचोली-सत्तरीत राहणाऱ्याला पणजीची प्रदर्शनं तेवढीच लांब असतात जेवढी मुंबईची. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, २०१६ पासून, गोमेकॉच्या म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीत आणि आजूबाजूला. मी पहिली तीन वर्षं गेलेच नव्हते, वाटायचं आपलं काय काम, तिथे सगळे इंग्रजी बोलणारे. नंतर एकदा कदंबा बसने गेले आणि सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत फिरले, दुपारी जेवायलाही विसरले. कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. एका दालनातल्या मुलाला मी मराठीत विचारलं हे कसं केलं, त्याने अर्धा तास बसून सांगितलं. एवढंच सांगते की जा, लाजू नका.

त्याच महोत्सवासाठी २०१९ ला सॉलोमन सोझाने गोव्यात भिंती रंगवल्या होत्या, स्प्रेचे डबे घेऊन, गोव्याच्या माणसांचे भलेमोठे चेहरे. हा साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा ह्यांचा नातू. आधी जेरुसलेमच्या बाजारात दुकानांच्या शटरवर चित्रं काढायचा, आणि २०२० च्या जानेवारीत लंडनच्या चेल्सी फुटबॉल क्लबसाठी त्याने त्यांच्या स्टेडियमच्या भिंतीवर ऑशविट्झच्या छावणीशी नाव जोडलं गेलेले तीन फुटबॉलवाले काढले. क्लब म्हणजे तसा ब्रँडच की. पण ती भिंत बघताना, म्हणजे मी फोटोतच बघितली, टीशर्ट विकायचाय असं कुठे वाटत नाही.

मारिओ मिरांडांबद्दल वेगळं काय सांगायचं, त्यांची चित्रं पणजीच्या मार्केटात भाजी घेता घेता दिसतात आणि कला अकादमीत नाटक बघायला बसलं की बाजूच्या भिंतींवरून मारिओंची माणसं आपल्याकडे बघत असतात. पण मला जे नवीन कळलं ते असं की व्यंगचित्रकार व्हायच्या आधी त्यांनी जाहिरातीच्या स्टुडिओत चार वर्षं नोकरी केलेली. मला ह्या चार वर्षांचं फार कुतूहल आहे. कुठल्या साबणाच्या, कुठल्या तेलाच्या जाहिरातीत मारिओंची रेघ लपलेली असेल, आणि कोणाकडे ती जपून ठेवलेली असेल का.

आणि आता जी गोष्ट सांगते ती प्रत्येक डिझायनरने आणि प्रत्येक छोट्या धंदेवाल्याने पाठ करावी अशी आहे. ओरिजीत सेन हे चित्रकार, पीपल ट्री नावाचं दुकान त्यांनी आणि गुरप्रीत सिद्धूंनी १९९० ला दिल्लीत सुरू केलं, पुढे गोव्यातही आणलं. गोवा विद्यापीठाच्या मारिओ मिरांडा अध्यासनावर असताना सेननी विद्यार्थ्यांना घेऊन आमचा म्हापशाचा बाजार चित्रांतून नोंदवला, कुठे कोण बसतं, काय विकतं, सगळं. तर २०१८ च्या जानेवारीत एका मासिकाच्या मुखपृष्ठावर सोनम कपूर आली, अंगात दिओरचा ड्रेस, आणि ड्रेसवरची छपाई हुबेहूब पीपल ट्रीची, योगासनं करणाऱ्या आकृत्यांची, जी सेननी बरीच वर्षं आधी काढलेली आणि राजस्थानातल्या कालाडेरा गावचे कारागीर लाकडी ठशांनी छापत आलेले. पॅरिसची एवढी मोठी कंपनी! पीपल ट्रीने आवाज उठवला, तडजोड कोर्टाबाहेर झाली, आणि मिळालेले पैसे त्यांनी कालाडेराच्या कारागिरांना कामाची जागा उभारायला लावायचं ठरवलं. मला ह्यातला शेवटचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. चित्र काढणाऱ्याने ठसा छापणाऱ्याला विसरलं नाही.

तुलनेला लुई व्हितों बघा, २००३ ला त्यांनी जपानच्या ताकाशी मुराकामीला बोलावून आपल्या बॅगांवर रंगीत अक्षरं करून घेतली, २०१२ ला यायोई कुसामाचे ठिपके घेतले, आणि दोन्ही वेळा कलाकाराचं नाव कंपनीच्या नावाच्या जोडीला उघड होतं. नाव दिल्याने त्यांचं काही कमी झालं नाही. मग ज्यांची नावं मोठी नाहीत त्यांच्या बाबतीतच हे का जमत नाही?

हनीफ कुरेशींचं काम मला म्हणून फार जवळचं वाटतं. २०२४ ला गेले ते, अगदी तरुण वयात. स्टार्ट इंडिया म्हणून दिल्लीच्या लोधी कॉलनीच्या भिंती ज्यांनी रंगवल्या त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, त्याआधी जाहिरात क्षेत्रात होते. त्यांनी रस्त्यावरच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं गोळा केली आणि त्यांचे कॉम्प्युटरवर चालणारे फॉन्ट केले, आणि फॉन्टला नाव त्या पेंटरचंच. पेंटर कफील. पेंटर उमेश. फ्लेक्स आल्यापासून आमच्या डिचोलीतले दोन पेंटर घरी बसले, त्यातले एक आता गणपती शाळेत रंगकाम करतात, दुसऱ्यांनी ब्रश सोडलाच. शाळेच्या गॅदरिंगचे पडदे, बसच्या मागची नावं, ट्रॉलरवरच्या अक्षरांची सावली, हे सगळं त्यांच्या हातचं होतं. त्यांचे फोटोही कोणी काढून ठेवले नाहीत.

तर चित्रकार. ती मला शेवटी कुठल्या गॅलरीत भेटली नाही, माटोळीखाली भेटली. चतुर्थीला वाळपईला एका ओळखीच्यांकडे गेले होते, गणपतीवर माटोळी, म्हणजे फळं टांगलेली लाकडी चौकट, बांधलेली, घागऱ्या, कांगणं, नारळाचा घड, सुपाऱ्या, सगळं रानातलं, आणि शेजारी एक मुलगी जमिनीवर बसून वहीत प्रत्येक फळ वेगवेगळं काढत होती, खाली देवनागरीत नावं लिहीत होती. आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलेली, आता एका शाळेत शिकवते. मी वही मागितली. त्यात भिरंड होतं. आणि ते भिरंड होतं!

मी तिथेच विचारलं, लेबल करशील? ती म्हणाली, आधी तुमच्याकडे येऊन बघते कसं करतात ते. मे महिन्यात आली, दोन दिवस राहिली. आईबरोबर भिरंडं फोडली, रसात सालं बुडवून उन्हात घालायची, परत बुडवायची परत वाळवायची, रंग कसा दर वेळी गडद होत जातो ते तिने बघितलं आणि कागदाच्या तुकड्यांवर रसाचेच डाग घेऊन तारखा घातल्या. आई तिला पहिल्या दिवशी मॅडम म्हणत होती, दुसऱ्या दिवशी बाय म्हणायला लागली. बियांचं मुठेल म्हणजे घट्ट तेल कसं काढतात तेही काकीने दाखवलं, ते लेबलवर येणार नव्हतं, तरी ती बघत बसली.

पहिलं स्केच आलं त्यात नुसतं फळ नव्हतं. तिने काव कलेचा आधार घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबडी-पांढरी नक्षी असायची ती काव. चुन्याचा गिलावा करायचा, त्यावर काव म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, की खालचा पांढरा चुना वर दिसतो. म्हणजे रंग लावून नाही, काढून चित्र होतं. देवळांचे जीर्णोद्धार झाले, टाइल्स आल्या आणि खूप काव गेली. सागर नाईक मुळे हा आपला चित्रकार ती परत जिवंत करतोय, पंतप्रधानांनी मन की बातमध्ये त्याचं नाव घेतलं होतं. आमच्या मुलीने तोच तांबडा घेतला, पण कोकमाच्या रसाकडे झुकवलेला, आणि भिरंडाची फांदी खरवडून काढल्यासारखी पांढऱ्या रेषेत. मला बघताक्षणी रडू आलं, खरंच.

दोन गोष्टींवर आमची चर्चा झाली. एक, नाव देवनागरीत मोठं की इंग्रजीत. सगळ्यांचं म्हणणं टुरिस्टांना वाचता येणार नाही. मी आधी 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींच्या 'बलू' फॉन्टमध्ये करून बघितलेलं, तो मुक्त परवान्याचा आहे, कोणीही वापरू शकतं आणि दिसायलाही गुबगुबीत छान आहे, पण तिने हाताने अक्षरं काढली, 'आगळ'मधला ळ फांदीच्या वळणात बसवला, आणि मग इंग्रजी खाली बारीक गेलं. तो ळ बघितल्यावर बाबासुद्धा काही बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची आणि हक्काची. माझा आतेभाऊ म्हापशाला वकिली करतो, त्याच्याकडे दोघी गेलो. त्याने जे सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवते. कॉपीराईट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. चित्रकार पगारी नोकर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सहसा मालकाचा हक्क लागतो. आणि कापडावरची नक्षी वगैरे, जी डिझाईन कायद्याखाली नोंदवता येते, ती न नोंदवता औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त नग काढले तर तिच्यावरचा कॉपीराईट संपतो. हे ऐकून ती मुलगी एकदम गप्प झाली, कारण तिने मैत्रिणीच्या ब्लॉक प्रिंटच्या धंद्यासाठी तीन डिझाईनं अशीच देऊन टाकलेली.

आम्ही असं ठरवलं की चित्र तिचंच राहील, आम्हाला पाच वर्षं बाटल्यांवर आणि पिशव्यांवर वापरायचा हक्क, पुढे दोघींना हवं तर परत. पैसे दोन हप्त्यांत. ती जे मागत होती ते फार कमी होतं, आईने काकीला विचारून ते वाढवलं, आई म्हणाली एका हंगामात आपण दुकानदाराला जेवढं कमिशन सोडतो त्याच्यापेक्षा हे कमी कसं. आणि लेबलवर नाव. तिचं नाव मी इथे लिहिणार होते पण ती म्हणाली आधी बाटलीवर येऊदे, मग कुठेही लिही. म्हणून थांबलेय.

प्रेसवाल्या दादांनी, हे दुसरे, मडगावचे, प्रूफ बघून सांगितलं की एवढ्या मजकुरात नावाला जागा नाही, लायसन्स नंबर काढता येत नाही, वजन काढता येत नाही, अक्षरांचा आकार अमुकच्या खाली नेता येत नाही, चित्रकाराचं नाव कोण वाचतं. मी म्हटलं दादा, बारकोड खाली सरकवा. त्यांनी सरकवला. फांदीच्या टोकाला, पानाखाली, तिची सही बसली, मी मुद्दाम मुळगांवकरांच्या लक्ष्मीचा फोटो दाखवून तीच जागा सांगितली होती.

फ्रेम त्याच आठवड्यात परत आली. काकांनी विचारलेलं, पट्टी परत दुमडू की कापू. बाबा म्हणत होते दुमडा, देवाखाली दुकानाचं नाव बरं दिसत नाही. आईचं म्हणणं, देवाला चाललं तर आपल्याला का चालू नये, दुकानाने छापलं नसतं तर ही लक्ष्मी आपल्याकडे आली असती का? मी काहीच बोलले नाही. आता फ्रेम दोन इंच उंच झालीय, मागचा खिळा वर ठोकावा लागला. संध्याकाळी दिवा लावला की सही दिसते आणि खालचं दुकानाचं नावही. पहिल्या संध्याकाळी बाबा हात जोडून बराच वेळ उभे होते, मला वाटलं प्रार्थना चाललीय. मग म्हणाले, अगं, आमच्या लग्नाचं कापड ह्याच दुकानातून घेतलं होतं, तुझ्या आजोबांनी मला सायकलवर पुढे बसवून नेलेलं त्याआधीही, मुंजीच्या सोवळ्यासाठी. आईने आतून विचारलं, कोणतं दुकान? आणि ती हात पुसत बाहेर येऊन चष्मा शोधायला लागली.